न गिळण्याची नोकरी

माणूस जन्मल्यापासून मरेपर्यंत जे एक काम कुणी न शिकवता अखंड करत राहतो, ते म्हणजे गिळणं. सगळी मानवी संस्कृती या एका साध्या कृतीवर उभी आहे. हे मी म्हणत नाही. रुग्णालयाच्या गिळण-विभागाबाहेरच्या फलकावर तसं लिहिलेलं होतं, आणि त्याखालच्या बाकावर बसून आम्ही ते इतक्यांदा वाचलं की ताईला पाठ झालं. अडचण एवढीच होती की आमच्या बाबांनी आयुष्यभर न गिळण्याचा पगार घेतला होता.

बाबा चहा चाखायचे. लांबलचक टेबलावर ओळीने मांडलेल्या वाट्यांमधून एकेक चमचा उचलायचा, सुर्रकन तोंडात ओढायचा, गालांत घोळवायचा आणि बाजूच्या पिकदाणीत टाकायचा. मग 'चालेल' किंवा 'नाही चालणार' एवढंच म्हणायचं. नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी बजावायचे, की गिळायचं असेल तर समोरच्या हॉटेलात जा. दिवसभर शेकडो वाट्या चाखून घरी आले की ते पाणी मागायचे. चहाचं नावसुद्धा काढायचे नाहीत.

अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्यांचा उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं आणि सगळ्या शब्दांपैकी एकच शिल्लक राहिला, 'चालेल'. नाकातून पोटात नळी घातली होती, ती ते डाव्या हाताने उपटायचे. म्हणून डाव्या हाताला उशीएवढा जाड मोजा बांधला. आता प्रश्न होता तो पुढचा. बाबा तोंडाने जेवणार, की पोटाला भोक पाडून तिथून कायमची नळी बसवायची? नळीसाठी गुरुवारची वेळ आधीच धरून ठेवली होती. रुग्णालयात वाईट गोष्टींच्या वेळा लवकर मिळतात.

"म्हणजे यांच्या जिभेला आता काहीच लागायचं नाही?" आईने विचारलं. "माणूस आहे की टाकी?"

खरं उत्तर एका क्ष-किरण तपासणीत मिळतं. रुग्णाला पांढरं पाणी प्यायला देतात आणि ते अन्ननलिकेत जातं की श्वासनलिकेत, ते पडद्यावर दिसतं. पण यंत्र एक आणि रांग मोठी. त्यामुळे त्या रांगेत उभं राहण्याची लायकी कुणाची, याचा अंदाज बांधणारं संशोधन तिथे चालू होतं. गळ्याला पट्टा बांधायचा, चमच्याने तीनदा पाणी द्यायचं, पट्ट्यातलं यंत्र गिळण्याचा आवाज टिपतं आणि नीट गिळता येण्याची शक्यता किती, ते टक्के संगणक सांगतो. टक्के बरे असतील तर तपासणी. नसतील तर थेट नळी. हे काम करणाऱ्या डॉक्टरांना ताईने पहिल्याच भेटीत टक्केसाहेब हे नाव ठेवलं.

सोमवारी चाचणी झाली. टक्केसाहेब संगणकाकडे तोंड करून बसले होते. थेरपिस्ट बाईंनी पट्टा बांधला आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उभी केली.

"आजोबा, घोट घ्यायचा आणि गिळायचा. जमेल ना?"

"चालेल," बाबा म्हणाले.

चमचा समोर आला आणि बाबांचा चेहराच पालटला. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत कामावरचा माणूस दिसला. त्यांनी वाकड्या तोंडाने, पण जोरात, सुर्रकन पाणी ओढलं. गालांत घोळवलं. मान डावीकडे वळवली आणि बाईंच्या हातातल्या ट्रेमध्ये नेमकं थुंकलं.

"आजोबा, गिळायचं असतं."

"चालेल."

दुसरा चमचा. सुर्र, घोळ, ट्रे. तिसरा चमचा. तेच.

"अकरा टक्के," संगणकाकडूनच आवाज आला.

"डॉक्टर, त्यांनी गिळलंच नाही," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय मी."

"तसं नाही. त्यांनी गिळायचा प्रयत्नच केला नाही. त्यांचा तो धंदा आहे." मी सगळं सांगितलं. चहा, वाट्या, पिकदाणी. टक्केसाहेब आता प्रथमच खुर्ची फिरवून बसले आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले. भला माणूस होता, म्हणून तर जास्त चीड येत होती.

"रंजक आहे," ते म्हणाले. "पण रुग्णाचा व्यवसाय आमच्या पद्धतीत धरलेला नाही."

"मग धरा."

"चौदाशे रुग्णांनंतर? आणि गिळता येतंय असं तुम्ही कशावरून म्हणता? तुम्ही पाहिलंय?"

नव्हतं पाहिलं. झटका आल्यापासून त्यांच्या तोंडात कुणी काही घालूच देत नव्हतं.

बाहेर बाकावर आईने खरी गोम सांगितली. "चमचा कशाला दिला त्यांनी? घरी मी कधी यांच्यासमोर चमचा ठेवलाय? लग्नानंतर पहिल्यांदा सूप केलं तर यांनी चमचाभर ओढून थेट सासूबाईंच्या अंगावर थुंकलं. तेव्हापासून वाटीनेच पितात."

"अगं आई, हे आत सांगायचं ना."

"मला कुणी विचारलं? तुम्ही दोघं बोलत होतात ना, शिकलेली."

आम्ही परत आत गेलो. ताई म्हणाली, "कपाने द्या. एकदाच."

"पद्धतीत चमचा आहे," टक्केसाहेब म्हणाले. "कपाने दिलं तर घोट किती होता ते कळणार नाही. मग आकड्याला अर्थ राहत नाही."

"आत्ता आहे अर्थ?"

"आत्ता अकरा आहे."

भिंतीशी बोलणं परवडलं, ती निदान टक्के सांगत नाही. त्या दिवसापासून आम्ही हात धुऊन मागे लागलो. अंदाज सोडा, थेट क्ष-किरण तपासणी करा आणि गुरुवारची नळी थांबवा, असा अर्ज दिला. अर्ज चुकीच्या खिडकीवर दिला म्हणून परत आला. बरोबर खिडकीवर गेलो तर तिथली बाई जेवायला गेली होती. ती नक्कीच तोंडाने जेवत असणार, असं ताई मोठ्याने म्हणाली. मंगळवारी संध्याकाळी टक्केसाहेबांना जिन्यात गाठलं.

"समजा तुमचे वडील आयुष्यभर सनई वाजवत आले, आणि मी त्यांना तीच फुंकायला लावून आवाजावरून दमा ठरवला," मी म्हणालो.

"माझे वडील बँकेत होते."

"अहो, समजा."

"ठीक आहे," त्यांनी सुस्कारा सोडला. "उद्या एक रुग्ण येणार नाहीये, त्याची वेळ देतो. पण मग तुमच्या वडिलांना अभ्यासातून वगळावं लागेल. आणि हे तुमच्या समाधानासाठी आहे, माझ्या नाही."

"आमच्या समाधानासाठीच भांडतोय आम्ही," ताई म्हणाली.

बुधवारी बाबांना त्या अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवलं. आम्ही तिघं आणि टक्केसाहेब काचेच्या अलीकडे, पडद्यासमोर. आईने घरून पितळी पेला आणला होता. तो चालणार नाही म्हणाले, मग कागदी कप दिला. चमचा कुठेही दिसत नव्हता, ते ताईने आधी आत जाऊन पाहून घेतलं होतं. बाबांची कवटी, दात आणि मणके पडद्यावर आले. आई म्हणाली, "बारीक झालेत."

बाईंनी कप ओठांना लावला. बाबांनी सुर्र केलं नाही, घोळवलं नाही, मान वळवली नाही. घशातलं हाड वर गेलं, खाली आलं, आणि पांढरं पाणी पडद्यावर काळं दिसत होतं, तो तोंडातला काळा डाग नाहीसा झाला. त्यांनी गिळलं.

ताईने माझा दंड इतका जोरात धरला की नखं रुतली. आईने पदर डोळ्यांना लावला. मी टक्केसाहेबांकडे वळून म्हणालो, "अकरा टक्के."

त्यांनी बाईंना काचेअलीकडे बोलावलं. बाईंनी चित्र मागे नेलं आणि हळू सोडलं. काळी धार जिभेवरून घसरली, घशाच्या कडेशी थबकली, आणि तिथून दोन वाटांनी गेली. बारीकशी मागे, अन्ननलिकेत. जाड ती पुढे.

"ही श्वासनलिका," बाईंनी बोट ठेवलं.

"पण ते खोकले नाहीत," मी म्हणालो.

"तेच तर. त्यांना कळलंच नाही. आणखी दोनदा बघू या."

दोनदा पाहिलं. घट्ट केलेल्या पाण्यानेही तेच झालं. हनुवटी छातीला लावूनही तेच झालं. काचेपलीकडे बाबा शांत बसले होते. कप मागे घेतला तेव्हा त्यांनी मोजा बांधलेला हात पुढे केला, आणखी हवं होतं म्हणून.

"रोज असं गेलं तर आठवडाभरात न्यूमोनिया," टक्केसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. "व्यायाम सुरू करू. काही महिन्यांनी परत बघू. काहींना येतं परत."

"किती जणांना?" ताईने विचारलं, आणि लगेच म्हणाली, "नको, राहू दे."

आई कागदी कपाची घडी घालत होती, आधी अर्धी, मग पाव. "मग उद्याचं काय?" तिने विचारलं. "आपण तर थांबवायला सांगितलं होतं ना. आता परत कधीची वेळ देतील?"

मी नळीच्या विभागात चौकशीला गेलो. आमचा अर्ज तिथपर्यंत पोचलाच नव्हता, त्यामुळे गुरुवारची वेळ कुणी रद्द केली नव्हती.