रिकाम्या खोलीचा झरोका

मोताळ्याहून धामणगाव बढेला जाणाऱ्या रस्त्यालगतच्या आपल्या शेतात भागवतने ऑफिसची इमारत बांधली, तेव्हा अर्ध्या तालुक्याने त्याला वेड्यात काढलं. इमारतीत एसी नाही म्हणजे काय! वैशाखात इथे माणूस भाजून निघतो. पण गडी हट्टाला पेटला होता. पायव्यातून निघालेलीच माती यंत्रात दाबून त्याने विटा केल्या. भट्टी नाही, धूर नाही. खोलीतली हवा माणसांच्या श्वासाने जड झाली की भिंतीतलं यंत्र ते ओळखायचं आणि वरचा झरोका आपोआप उघडायचा. माणसं गेली की झरोका बंद, गारवा आतच. इमारत खरोखर गार राहिली आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

फक्त वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीचा झरोका मिटेना. दाराला कुलूप, आत चिटपाखरू नाही, तरी झरोका सताड उघडा. यंत्र बदललं, नवंही तसंच वागलं.

इमारतीचा आराखडा बुलडाण्याच्या स्वरदाने केला होता. "भागवतभाऊ, यंत्र चोख आहे," ती म्हणाली. "त्याच्या मते आत कुणीतरी श्वास घेतंय." तिने हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "उद्या तपासणी आहे. झरोका असाच राहिला तर हरित इमारतीचं प्रमाणपत्र विसरा."

आणि प्रमाणपत्र नाही तर भाडेकरू नाही. बियाण्यांच्या कंपनीने तसं साफ सांगितलं होतं.

जेवताना भागवतने हे आईला सांगितलं. वच्छलाबाईंचा घास हातातच राहिला.

"तुह्या बाची राख कुठी पुरली होती रे आपण?"

भागवतचे वडील उत्तमराव दम्याने गेले होते. शेवटी शेवटी त्यांना आडवंही होता येत नव्हतं. खिडकीचे गज धरून ते वाऱ्याला तोंड लावून बसत. माझ्या राखेने नदी नासवू नका, माझ्याच वावरात मिसळा, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून राख वावरात पुरून वर कडुलिंब लावला होता. बांधकामाआधी भागवतने तो लिंब मुळासकट हलवून फाटकापाशी लावला, लेकरासारखा जगवला. लिंबाखालची माती मात्र विटांच्या यंत्रात गेली. ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"लिंब वाचवला तुनं," माय म्हणाली, "अन् त्यायले भितीत चिणलं."

"काहीबाही बोलू नको माय. यंत्र बिघडलं असंन."

दुसऱ्या दिवशी तपासणीची माणसं फाटकात उतरली, तेव्हा भागवत एकटाच वर गेला. त्याने यंत्राची वायर उपटली, खुर्चीवर चढून झरोका लोटला आणि कडी घातली. खोली शांत झाली. सुटलो बुवा, असं त्याला वाटलं.

मग भिंतीतून घरघर आली. आधी बारीक, मग तो ओळखीचा, शीळ घालत ओढलेला, मध्येच अडकणारा श्वास. भागवतने भिंतीला हात लावला. वीट कोमट होती आणि हाताखाली वरखाली होत होती. भीतीहून कळवळा मोठा होता. हाच श्वास त्याने उशाशी बसून ऐकला होता आणि तेव्हा त्याला काहीच करता आलं नव्हतं.

"थांबा बा, उघडून राह्यलो!"

कडी हलेना. त्याने खुर्ची उचलून झरोक्याची काच फोडली. झळ आत घुसली, तशी घरघर उतरत गेली आणि झोपलेल्या माणसासारखी संथ झाली. भागवत भिंतीला टेकून ढसाढसा रडला.

दारात स्वरदा उभी होती, मागे तपासणीची माणसं.

"हे काय केलंत, भागवतभाऊ?"

"राहू द्या मॅडम. नाही पाह्यजे मले ते प्रमाणपत्र."

ती काही बोलणार, तोच शेजारच्या बंद खोलीतून तसाच श्वास ओढल्याचा आवाज आला. मग जिन्याच्या भिंतीतून. मग खालच्या मजल्यावरून. तपासणीची माणसं भिंतीपासून मागे सरकली. विटांसाठी सगळी माती एकत्र कालवली होती, हे भागवतला आत्ता आठवलं. इतके दिवस बाने एका झरोक्यावर निभावून नेलं होतं. आता ऐकणारा लेक सापडला होता.

त्याने डोळे पुसले, खुर्ची उचलली आणि शेजारच्या खोलीकडे धावला.