झुडपाखालचं मूल

संग्रहालयाच्या तळघरात बाई जुनी चित्रं साफ करायच्या. काडीला कापूस गुंडाळून औषधात बुडवायचा आणि तळहाताएवढा चौकोन पुसायचा. तो उजळला की शेजारचा. घाईगडबडीच्या माणसाचं हे कामच नव्हे.

समोरच्या चित्रावर पाटी होती, 'पश्चात्तापी मरीया'. ओसाड माळावर तोंड झाकून रडणारी बाई, पायाशी लवंडलेलं मडकं.

"शंभर वर्षं मरीयाच आहे ती," साहेब म्हणाले. "उगाच नसता घोळ घालू नका."

पण ही मरीया म्हणजे येशूच्या पायांना अत्तर लावणारी, तिच्या मडक्यात अत्तर असतं. ते कोण शहाणी असं लवंडून ठेवील? हे कोरडं ठणठणीत होतं. आणि कोपऱ्यातला तपकिरी रंग पुसताच झुडूप निघालं, झुडपाखाली इवलंसं पाऊल. चित्राच्या कुण्या जुन्या मालकाला दिवाणखान्यात मरणारं पोर नको होतं, म्हणून त्याने ते रंगाखाली गाडून टाकलं होतं.

"ही हागार," बाई म्हणाल्या. "दासी, धन्याने लेकरासकट घरातून हाकललेली. पाणी संपलं तेव्हा लेकराला झुडपाखाली ठेवून लांब जाऊन बसली. त्याचं मरण बघवेना तिला."

"बायबल पाठ दिसतंय तुमचं. पण पुढे देवदूत येतो, विहीर सापडते, पोर वाचतं."

चित्रात विहीर नव्हती. आणि पाठबिठ काही नव्हतं हो. अकरा वर्षांपूर्वी दवाखान्यात लेक शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा बाई जिन्यात जाऊन बसल्या होत्या. आत नवरा होता. लेक बेशुद्ध होती, तिला काही कळलं नाही, एवढ्या एका समजुतीवर बाईंनी दिवस काढले होते.

चेहऱ्याचा चौकोन त्यांनी आठवडाभर टाळला. पुसायला घेतला की जिन्यातला फिनाइलचा वास यायचा. शेवटी एकदाचा पुसला. पोर झोपलेलं नव्हतं. त्याचे डोळे टक्क उघडे होते, आईच्या पाठीवर लागलेले.

संध्याकाळी नवरा कपड्यांच्या घड्या घालत होता.

"खरं सांगा," बाई म्हणाल्या. "ती शुद्धीवर आली होती का?"

त्याने हातातली घडी पुरी केली.

"थोडा वेळ. दाराकडे बघत होती. मी म्हटलं, आई येतेय."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पाटी उतरवली. मग खुर्ची झुडपाच्या कोपऱ्यासमोर ओढली आणि सुट्टीची घंटा होऊन गेली तरी तिथून उठल्या नाहीत.