चौघांचं बुकिंग

"कुठंही चालेल," असं फेब्रुवारीत तिघांनीही सांगितलं होतं. मित्सुहिरो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला होता, सतरा वर्षांची होनोका कानातले इअरफोन न काढता, आणि चौदा वर्षांचा रित्सु तोंडातला घास न गिळता. आता जूनमधल्या त्या रविवारी चिझुरूनं चार महिने खपून केलेली पुस्तिका जेवणाच्या टेबलावर ठेवली, तेव्हा त्याच तिघांना एकाएकी मतं फुटली.

शाळेच्या सहलीला मुलांच्या हातात देतात तशी पुस्तिका होती. कागद मधोमध दुमडून, स्टेपल मारून, प्रत्येकाच्या नावाची एकेक, अशा चार प्रती. ओनोमिची, मात्सुयामा, तिथून बोटीनं बेप्पू, मग नागासाकी, येताना हागी. सहा दिवस, सगळा प्रवास ट्रेनचा. कुठल्या स्टेशनवर जेवणाचे डबे घ्यायचे, कुठं गाडी बदलायला चारच मिनिटं आहेत म्हणून कुणी कुठली बॅग उचलायची, सगळं लिहिलेलं. शेवटच्या पानावर टोपी, टॉवेल, बदलायचे मोजे. रेल्वे वेळापत्रकाचा तो विटेएवढा जाड ग्रंथ तिनं लायब्ररीतून तीनदा आणला होता.

"सहाला उठायचं?" होनोकानं पहिलंच पान धरलं. "आई, शाळेच्या बँडला वर्षातून सहा दिवस सुट्टी मिळते. सहा! त्यात मी सहाला उठू?"

"गाडीत झोप."

"आणि ओनोमिचीला नुसत्या पायऱ्या आहेत. बँडमधली मिओ सांगत होती."

"मिओला काय जातंय सांगायला. तिची आई काही करतच नाही तिच्यासाठी."

"बोटीत वायफाय आहे?" रित्सुनं विचारलं.

"समुद्र आहे."

"म्हणजे नाही."

याची चिझुरूला सवय होती. या वयाच्या पोरांनी पहिल्या दमात हो म्हटलं असतं तर तिनं कपाळाला हात लावून ताप बघितला असता. तिचं लक्ष नवऱ्याकडं होतं. मित्सुहिरो पुस्तिका चाळत चाळत पुन्हा पहिल्या पानावर आला आणि तारखांवर थांबला.

"अकरा ते सोळा ऑगस्ट," तो म्हणाला. "अगं, हे तर ओबोन."

"हो."

"ओबोनला आपण आझुमिनोला, आईकडं जातो."

पाऊस वरून खाली पडतो, हे जसं कुणी कुणाला सांगावं, तसं त्यानं ते सांगितलं. चिझुरूनं हातातल्या चॉपस्टिक्स खाली ठेवल्या, कारण त्या फेकाव्याशा वाटत होत्या.

आझुमिनोला जातो! जातो कोण? नवरा जातो, मुलं जातात. ओबोनला पितर घरी येतात म्हणून नवऱ्याचे दोन काका जातात, त्यांची मुलं, नातवंडं जातात, अकरा माणसं. चिझुरू जात नाही, चिझुरूला जुंपतात. अठरा वर्षं. वर्षभर ती शाळांना जेवण पुरवणाऱ्या स्वयंपाकघरात तीन हजार मुलांचं सूप ढवळते. त्या मुलांना सुट्टी लागली की हिची सुट्टी, आणि त्या सुट्टीत काय, तर आझुमिनोच्या चुलीपाशी उभं राहून अकरा माणसांचं टेम्पुरा तळायचं, पितरांसाठी मांजू, म्हणजे गोड सारणाचे उंडे, पिठात बुडवून तळायचे, बाहेरच्या खोलीतून "बिअर संपली" असा आवाज आला की तेल मंद करून धावायचं. खोलीत पुरुष आडवे पडून टीव्हीवर शाळांच्या बेसबॉलच्या मॅचेस बघतात. काकू मंडळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन "मदत करू का?" विचारतात, आणि रीतीप्रमाणं एकदा "नको, नको" म्हटलं की तत्परतेनं परत जाऊन बसतात.

हेही तिनं सोसलं असतं, इतकी वर्षं सोसलंच होतं. पण गेल्या वर्षी सासूबाईंनी, फुसाएबाईंनी, होनोकाला एक नवा एप्रन दिला. निळा, सुती, छान इस्त्री केलेला. "मोठी झालीस आता," म्हणाल्या. होनोकानं "थँक्यू, आजी" म्हणून तो घातला आणि चार दिवस ट्रे नेले-आणले. रित्सु तेव्हा काकांच्या रांगेत पालथा पडून एडामामेच्या शेंगा सोलत होता. त्याला कुणी उठ म्हणालं नाही. चिझुरू तेलासमोर उभी होती, आणि भाजत होतं ते तेलानं नव्हे. माझं गेलं ते गेलं, पोरीचं जाऊ द्यायचं नाही, एवढं तिनं कढईपाशीच ठरवलं. कुणाला बोलली मात्र नाही. बोलली असती तर मित्सुहिरो म्हणाला असता, चारच तर दिवस असतात.

"चारच तर दिवस असतात," मित्सुहिरो आता म्हणालाच.

"म्हणूनच. तुमच्या कारखान्यालाही तेव्हाच सुट्टी, बँडलाही तेव्हाच, रित्सुच्या टेबल टेनिसलाही तेव्हाच. मला दुसरे दिवस दाखवा, मी तारखा बदलते."

मित्सुहिरोनं पान उलटलं. "पण आईला कोण सांगणार?"

"तुम्ही. आई तुमच्या आहेत."

"बघतो," मित्सुहिरो म्हणाला.

त्याचं ते "बघतो" चिझुरूला पाठ होतं. गळका नळ तो दोन वर्षं बघत होता. तीन आठवडे गेले, फोन काही झाला नाही. जुलैच्या पहिल्या रविवारी दुपारी तिला त्याच्या प्रतीत पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं सापडलं: 'मध्ये तेराला आझुमिनो, पितरांसाठी दारात आग पेटवून पुढं निघू. वाटेतच आहे.'

वाटेत! आझुमिनो उत्तरेला, ओनोमिची पश्चिमेला. हा माणूस गाड्यांच्या गिअरचे भाग तपासतो. केसाच्या जाडीइतकी चूक झाली तर अख्खी पेटी परत पाठवतो. आणि त्याला आईचं घर देशाच्या कुठल्याही दोन गावांच्या वाटेतच लागतं! चिझुरूचं डोकं असं फिरलं की तिनं सरळ फोन उचलला, स्पीकरवर लावला आणि टेबलावर ठेवला.

"आत्ता?" मित्सुहिरो पायाची नखं काढत बसला होता.

"आत्ताच. ऐका सगळे."

पण सासूबाईंना असं धाडकन "आम्ही येणार नाही" कोण सांगतं? संतापलेल्या सुनेलाही ते जमत नाही. आधी उकाड्याची चौकशी झाली, मग सासूबाईंच्या गुडघ्यांची, मग टोमॅटोच्या वाफ्यांची. मग चिझुरू बसल्या जागी तीनदा वाकून म्हणाली, "आई, फार चुकतंय माझं, पण यंदा ओबोनला मुलांना घेऊन जरा फिरून यावं म्हणते. सहा दिवस. तुम्हीही आमच्याबरोबर चला ना."

हे शेवटचं वाक्य तर म्हणावंच लागतं. ते कुणी खरं म्हणून म्हणत नाही आणि खरं म्हणून ऐकतही नाही. तीनदा आग्रह करायचा, समोरच्यानं तीनदा मोडायचा, आणि दोघांनी सुटलो म्हणून फोन ठेवायचा.

"छे छे," फुसाएबाई म्हणाल्या, "मला म्हातारीला कुठं नेता?"

"असं कसं, आई? तुमच्याशिवाय मजा नाही."

"पायऱ्याबियऱ्या असतील. तुमचा उगाच खोळंबा."

"खोळंबा कसला! चलाच तुम्ही." चिझुरूचा हात फोन बंद करायला पुढं झाला.

"बरं," फुसाएबाई म्हणाल्या. "येते मग."

नखं काढायचा आवाज थांबला. होनोकानं एका कानातला इअरफोन काढला, मग दुसराही. "आजीनं रीत मोडली," रित्सु हळूच म्हणाला, आणि ताईनं त्याला कोपरानं ढोसलं.

चिझुरूनं फोन आणखी जवळ ओढला. अठरा वर्षं ती त्या स्वयंपाकघराकडं जात होती. यंदा सुटावं म्हटलं तर स्वयंपाकघरच गाडीत शेजारी येऊन बसणार! तिचा आवाज चढला. "पण आई, पितरांचं काय? दारात आग कोण पेटवणार? काकांकडची अकरा माणसं येतील, त्यांचं कोण करणार?"

"हे तू विचारतेस?" पलीकडूनही आवाज चढला. "अठरा वर्षांत आज विचारतेस? दरवर्षी जुलै लागला की मी फोनपाशी बसते. म्हणते, यंदा तरी सून म्हणेल, आई, आम्हाला जमत नाही. आणि तू काय म्हणतेस? 'हो आई, बाराला निघतो.' तुम्ही येणार म्हटलं की दीर येणार. दीर येणार म्हटलं की त्यांची पोरंटोरं. मग पंधरा गाद्या उन्हात घालायच्या मी, पंधरा चादरी धुवायच्या मी, आठवडाभर आधीपासून. एकावन्न वर्षं झाली! मी सासू, 'येऊ नका' असं मी म्हणायचं? म्हणायला तू होतीस. पण तू आपली हो, हो, हो! फार राग येतो मला तुझा."

"माझा राग?" चिझुरू उभीच राहिली. असं ती सासूशी कधी बोलली नव्हती. "तेलासमोर मी उभी, आणि राग तुम्हाला?"

"तुझ्या शेजारी कोण उभं असतं? मीच ना?"

ते खरं होतं. ते खरं होतं म्हणूनच चिझुरूला आणखी चीड आली. "मग गेल्या वर्षी होनोकाला एप्रन का दिलात?"

होनोका टेबलाकडं बघत होती.

"मला माझ्या सासूनं दिला होता," फुसाएबाई म्हणाल्या. "पोर मोठी झाली की द्यायचा, एवढंच ठाऊक. कशाला देतोय, ते डोक्यातच आलं नाही. चुकलं माझं ते. होनोका आहे का तिथं?"

"आहे, आजी."

"चुकलं हो माझं."

होनोकाचे डोळे भरून आले. "त्या गणवेशाचा रंग तरी बरा होता, आजी," ती म्हणाली, आणि पलीकडून फुसाएबाईंचं हसणं आलं, खोकल्यात मिसळलेलं.

चिझुरू खाली बसली. तिला रडू आलं नाही, रागच आला, पण आता तो कुणावर काढायचा तेच कळेना. अठरा वर्षं ज्या बाईवर तिनं मनातल्या मनात दात खाल्ले, ती बाई त्याच चुलीपाशी उभी राहून तिच्यावर दात खात होती. दोघींनाही वाटत होतं, हे सगळं दुसरीला हवंय. एकीनं तोंड उघडलं असतं तर दोघी सुटल्या असत्या. दोघींनी मिळून किती उन्हाळे तळून टाकले!

"बुकिंग किती जणांचं आहे?" फुसाएबाईंनी विचारलं.

"चौघांचं."

"आता पाचवी जागा मिळेल?"

"ओबोनच्या दिवसांत? छे. बोटसुद्धा भरली आहे."

"मग आपण दोघी आणि मुलं, चौघंच जाऊ. मित्सुहिरोला दे."

मित्सुहिरोनं फोनकडं असं बघितलं की जणू फोन चावणार आहे. "आई, अगं, मी काय म्हणतो..."

"तू ऐक. तू आपल्या मोमोसे घरातला थोरला. माझे गेलेले आईबाप माझ्या भावाच्या दारात येतात, चिझुरूचे पितर तिच्या माहेरी गिफूला. इथं येतात ते तुझे बाबा, तुझे आजोबा, तुझे पणजोबा. त्यांना आपल्या पोरानं बोलावलेलं आवडेल. तेराला संध्याकाळी दारात भूर्जाची साल पेटवायची. पितरांना यायला काकडीचा घोडा करायचा, परत जायला वांग्याची गाय करायची, चारी पाय नीट टेकले पाहिजेत. मांजू आदल्या दिवशी आणून ठेव, ताजे तळले की फुटतात. गाद्या दहाच्या आत उन्हात घाल. लिहून घेतोयस ना?"

तो पेपरच्या कडेला लिहीत होता. "आई, अकरा माणसं... यंदा काकांना सांग ना, येऊ नका म्हणून."

"तू सांग. काका तुझे."

"मी कसं सांगणार? वाईट दिसतं ते."

"हो ना," फुसाएबाई म्हणाल्या. "दिसतं खरं." आणि त्यांनी फोन ठेवला.

होनोकानं लगेच तोंड उघडलं. "रित्सुलाही थांबू दे बाबांबरोबर. ट्रे कोण नेणार?"

"चौघांचं बुकिंग आहे! आजी म्हणाली, चौघं!" रित्सु ओरडला. "आई, मला बोट हवीय! वायफाय नसलं तरी चालेल!"

चिझुरूनं दोघांना गप्प केलं, कारण मित्सुहिरो उठून उभा राहिला होता. त्याचा चेहरा लाल झाला होता, हातात नेलकटर तसाच होता. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण त्याला इतकं चिडलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं.

"हे बरं आहे!" तो म्हणाला. "तुम्ही सगळे मजा करणार, आणि मी चार दिवस चुलीपाशी? वर्षभर राबतो मी. वर्षातून एकदा सुट्टी मिळते मला. ती मी लोकांचं जेवण करण्यात घालवू? कुणी मला विचारलंसुद्धा नाही!"

होनोकानं आईकडं बघितलं. चिझुरूला हसू येईल असं तिला वाटलं असावं, पण चिझुरूला हसू आलं नाही. अठरा वर्षांत आला नव्हता एवढा संताप तिला त्या क्षणी आला. हे सगळंच्या सगळं, याच शब्दांत, दर ऑगस्टला तिच्या ओठांवर येऊन परत गेलं होतं. त्याला ते बोलायला दहा मिनिटंही लागली नाहीत, आणि अजून तर त्यानं कढईसुद्धा तापवली नव्हती.