चिंधी बांधलेलं खाजण

माझी नणंद इनेस, तिची जीभ म्हणजे वस्तरा. एका वर्षी रेदेंतोरेच्या सणाला सगळे होड्या सजवून शहराकडे निघाले होते, तेव्हा माझी साधीच होडी बघून तिने धक्क्यावर चारचौघांत मला विचारलं, "वहिनी, सणाला निघालात की आर्टिचोकची भाजी विकायला?" लोक पोट धरधरून हसले. ते माझ्या मनात वर्षभर सलत होतं. यंदा हिची जिरवायचीच, असं मी ठरवलं होतं.

जुलैत आमच्या बेटाभोवतीची खाजणं फियोरेलाच्या बारीक जांभळ्या फुलांनी भरून जातात. ती कुणीही तोडावी. फक्त जिथे मधवाल्याने खुंटा ठोकून त्या वर्षीची नवी चिंधी बांधली असेल तिथे हात लावायचा नाही. तिथे त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या यायच्या असतात. आमचे शेजारी ओलिंदोकाका मधवाले. त्या पुढच्या वर्षी मे महिनाभर पावसाने झोडपलं, झाडांचा मोहोर गळून गेला आणि काकांच्या चाळीस पेट्यांपैकी बारा उरल्या. साखरेचं पाणी पाजून ते त्यांना जगवत होते. फियोरेला फुलेपर्यंत तग धरा गं बायांनो, असं माश्यांना विनवायचे. मला हे सगळं ठाऊक होतं.

सणाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ओहोटीला मी होडी सजवायला फुलं आणायची म्हणून विळा घेऊन होडीने निघाले. इकडेतिकडे फुलं विरळ होती. काकांच्या खुंट्याभोवती मात्र नजर ठरत नव्हती. खुंट्यावर लाल, कोरी करकरीत चिंधी होती. ती मी नीट पाहिली. दोन ओंजळी घेईन म्हटलं, पण हाव मोठी वाईट. होडी शिगोशीग भरली तेव्हा मागे नुसता चिखल उरला होता. होडीवर ताडपत्री टाकली आणि गुपचूप घरी आले.

शनिवारी काकांनी अंधारातच पेट्या नेऊन मांडल्या, आणि उजाडल्यावर पाहतात तर काय! आठ वाजता ते आमच्या दारात आले. कुणीतरी खाजण भादरून नेलं, म्हणाले. आता माश्या बाहेर पडल्यात, संध्याकाळपर्यंत पेट्या हलवता येत नाहीत, आणि हलवणार तरी कुठे, सगळीकडे दुसऱ्यांचे खुंटे. मी सणाचे मासे तळत होते. मान वर केली नाही. माझ्या नवऱ्याने, वालेरियोने, ताडपत्रीखालची होडी पाहिली होती. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि तोही गप्प बसला.

दुपारी धक्क्यावर होडी सजवून उभी केली. इनेसचं तोंड उघडंच राहिलं. खरं सांगते, घटकाभर मी हवेत होते.

मग एक माशी आली. मग दहा-बारा. बघता बघता होडीवर माश्याच माश्या. तोडली तरी फियोरेलाचा रंग उतरत नाही, आतला गोडवा मात्र आटतो. एका फुलात तोंड घालायच्या, तिथून उठायच्या, दुसऱ्यात घालायच्या. मी एप्रनने हाकलायला लागले.

"हाकलू नकोस, झीता. उपाशी आहेत त्या," मागून काका म्हणाले.

सगळ्यांना कळलं होतं. इनेस पुढे सरसावली आणि म्हणाली, "वहिनी, खुंटा दिसला नाही का तुम्हाला?"

"दिसला. पण चिंधी जुनी वाटली," मी म्हणाले. "गेल्या वर्षीची."

काकांनी स्वतःच्या हातांनी ती चिंधी आठवड्यापूर्वी बांधली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मला वाटलं, आता धरणी दुभंगेल तर बरं.

"जुनीच होती," ते इनेसला म्हणाले. "बदलायची राहून गेली माझी."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते. थंडी सरली तेव्हा बारापैकी चार पेट्या जिवंत होत्या. आजही कुणी विषय काढला की काका तेच सांगतात, चिंधी जुनी होती म्हणून. मी शेजारीच उभी असते, आणि मी अजून खरं सांगितलेलं नाही.