मेल्यासारखं पडायचं

कोणी गळा दाबत असेल तर धडपडायचं नसतं. हे मला आमच्या ह्यांच्या हातांनी शिकवलं. धडपडलात की पकड आवळते. डोळे मिटायचे, हातपाय ढिले सोडायचे, मान एका बाजूला टाकायची आणि मेल्यासारखं पडायचं. मग ह्यांचे हात सुटतात, कारण ह्यांच्या लेखी समोरचा संपलेला असतो.

समोरचा म्हणजे मी नव्हे हो! तो शत्रूचा एक पोरगा. लढाईत मागून आला आणि खंदकात ह्यांच्या पाठीवर पडला. ह्यांचा जोडीदार शेजारी पोट धरून ओरडत होता आणि हे त्या पोराला चिखलात दाबून धरत होते. पोरगा थंड पडला तसे सोडून जोडीदाराकडे वळले, तर तोही गेलेला. मला हे कोणी सांगितलं? ह्यांनीच, रात्री झोपेत, माझ्या छातीवर बसून, तुकड्यातुकड्याने. मला सोडल्यावर उशी जवळ ओढायचे, तिचं पोट दाबून धरायचे, "थांब रे, रक्त थांबेल," म्हणत तिथेच झोपायचे. सकाळी विचारायचे, "तुझ्या मानेला काय झालं गं?" मी म्हणायची, घसरले. घसरण्यात मी इतकी पटाईत झाले होते की शेजारणींना वाटायचं, हिला मोतीबिंदू झालाय.

आमच्या घराचे नियमच तसे. ह्यांना मागून हात लावायचा नाही. उठवायचं तर पायाकडून, लांब काठीने. केस कापायला न्हावी नको, मीच समोर बसून कापायची. मागचे कसेबसे, आरशात बघत बघत. असं सगळं आयुष्य गेलं आणि मला कधी वाटलं नाही की हा माणूस वाईट आहे. जागेपणी ह्यांनी मुंगी मारली नाही. तुम्हाला खोटं वाटत असेल तर वाटू दे.

मग चिमणीने घात केला. चिमणी म्हणजे आमची नात, लेकीची मुलगी. आम्ही लेकीकडेच राहतो. हे दुपारी खुर्चीत पेंगत होते, ती मागून आली आणि तिने ह्यांचे डोळे झाकले. "ओळखा पाहू कोण!" म्हणाली. पुढचं बोलवत नाही, पण बोलते. ह्यांनी तिला डोक्यावरून ओढून फरशीवर आपटलं आणि गुडघा तिच्या छातीवर ठेवून गळा धरला. लेकराला मेल्यासारखं पडणं कुठून माहीत असणार? ती लाथा झाडत राहिली, निळी पडत गेली. मी ह्यांचा हात चावत होते, दात हाडाला लागले, तरी पकड सुटेना. शेवटी लेकीने लोखंडी स्टूल उचलून बापाच्या डोक्यात घातलं, तेव्हा हे बाजूला कलले.

शुद्धीवर आले तेव्हा आम्ही सांगितलं, तुम्हाला चक्कर आली, स्टुलावर आपटलात. आणि चिमणी कपाटावरून पडली. हे डोक्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत तिच्यासाठी मलम आणायला निघाले होते.

लेक मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. रडली नाही. म्हणाली, "आई, महिनाअखेरपर्यंत बाबांची सैनिकांच्या इस्पितळात सोय झाली तर ठीक. नाहीतर मी वेड्यांच्या इस्पितळात फोन करणार. तिथे बांधून ठेवतात, मला माहीत आहे. तरी करणार."

तिचं काय चुकलं? पण सैनिकांचं इस्पितळ कोणालाही आत घेत नाही. लढाईत जायबंदी झाल्याची पेन्शन मंजूर झाली असेल तरच घेतं. ह्यांना पेन्शनच नव्हती, कारण नोकरी अर्ध्यात सुटली होती. मनाच्या जखमेलाही ती मिळते हे कळल्यावर मी अर्ज केला, आणि मेडिकल बोर्डाने तो दोनदा फेटाळला.

आणि का नाही फेटाळणार? मी मूर्खाने ह्यांना इस्त्रीचा शर्ट घातला, बूट चकचकीत केले, छातीवर पदक लावलं. आजाऱ्याला नवरदेव करून नेलं! त्यात समोर गणवेशातला डॉक्टर. अधिकारी दिसला की ह्यांचा कणा ताठ. आजारी आहे म्हणणं म्हणजे कामचुकारपणा, हे ह्यांच्या हाडात भिनलेलं. दुसऱ्या वेळी मी डॉक्टरांना एकटं गाठून सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "बाई, प्रत्येक अर्जदाराची बायको हेच सांगते. आम्ही डोळ्यांनी बघू तेच लिहू."

ही शेवटची खेप होती. ह्यानंतर अपील नव्हतं.

तीच खोली, तेच डॉक्टर, दाराशी एक धिप्पाड पट्टेवाला. हे खुर्चीत ताठ बसले होते, मी भिंतीलगत.

"झोप कशी आहे?"

"उत्तम, साहेब!"

"राग येतो? हात उगारला जातो?"

"कधीच नाही, साहेब!"

हा माणूस खोटं बोलत नव्हता, तीच तर पंचाईत होती. डॉक्टर मान हलवत लिहायला लागले. म्हटलं, झालं, संपलं सगळं. ह्यांना बांधणार. खाटेला बांधलेल्या ह्या माणसाच्या अंगावर मागून कोणी वाकलं तर तो रोज त्याच खंदकात मरेल. माझ्या डोक्यात सणक गेली. डोळ्यांनी बघायचंय ना तुम्हाला? बघा तर मग.

मी उठले, ह्यांच्या मागे गेले आणि दोन्ही हात ह्यांच्या मानेवर ठेवले.

खुर्ची उडाली. मी टेबलावरून पलीकडे गेले, पाण्याचा ग्लास माझ्या गालाखाली फुटला आणि तोंडात रक्ताची चव आली. गळ्यावर अंगठे बसले. मी सवयीने मेले. लगेच सुटलेही असते, पण डॉक्टर मदतीला धावले आणि त्यांनी मागून ह्यांच्या कमरेला मिठी मारली. मागून! ह्यांनी वळून त्यांना जमिनीवर घेतलं. पट्टेवाला आला, तर कोपराच्या एका फटक्यात त्याच्या नाकाचा चुराडा झाला आणि तो भिंतीला टेकून खाली घसरला. डॉक्टर टाचा घासत होते, ह्यांच्या तोंडावर नखं मारत होते. डोळे बाहेर आले होते.

"धडपडू नका!" मी ओरडले. "अहो साहेब, मरा! मेल्यासारखे पडा!"

त्यांना काही कळेना. मी रांगत गेले, त्यांचे दोन्ही हात धरून खाली दाबले आणि कानाशी किंचाळले, "मरा म्हणते ना! मान टाका!" कसं कोण जाणे, त्यांनी मान टाकली. हात सुटले.

ह्यांनी इकडेतिकडे बघितलं, रक्ताळलेल्या पट्टेवाल्याकडे गेले आणि त्याच्या पोटावर दोन्ही तळवे दाबून बसले. "थांब रे, थांब. रक्त थांबेल." तो बिचारा भीतीने हलेना. दार उघडून लोक आत घुसले, तर मी हात पसरून आडवी झाले. म्हटलं, एकानेही हात लावायचा नाही.

घरी असते तर एवढ्यात मी काचा भरल्या असत्या, तोंड धुतलं असतं. इथे ते कोण करणार? हे भानावर आले ते सगळं समोर पसरलेलं असतानाच. आपल्या तळव्यांवरचं रक्त बघितलं. माझा गाल बघितला.

डॉक्टर उठून बसले. आवाज घोगरा झाला होता. "बाई," ते म्हणाले, "हे कधीपासून चाललंय?"

हे माझ्याकडे बघत होते. बाहेर पाठवा ह्यांना, असं म्हणायला हवं होतं मी. पण ते सुचलंच नाही; आत्ता सांगितलं नाही तर डॉक्टर कागदावर काय लिहिणार, एवढंच डोक्यात होतं.

"लग्न झाल्यापासून," मी म्हणाले.

मग ह्यांनी अगदी हळू विचारलं, "आणि चिमणी? ती पडली होती ना गं?"

जन्मभर मी ह्यांच्याशी खोटं बोलले. त्या वेळी तोंडात खोटं आलंच नाही. मी नुसती रडायला लागले आणि ह्यांना कळलं. ह्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, एकमेकांत घट्ट अडकवले आणि पट्टेवाल्याला म्हणाले, "हे हात बांधा. कृपा करा, बांधा." त्याने बांधले नाहीत. तो आपलं फुटलेलं नाक धरून रडत होता.

पेन्शन मंजूर झाली. त्याच दिवशी ह्यांना इस्पितळात दाखल करून घेतलं. चांगली जागा आहे, डॉक्टर चांगले आहेत, कोणी बांधत नाही. मी दर आठवड्याला जाते, आणि दर आठवड्याला परिचारिका बाहेर येऊन सांगते की ते भेटणार नाहीत. एकदा मी तिला न जुमानता दारापर्यंत गेले. ह्यांनी आतून कडी घातली होती. "अहो, उघडा!" म्हणून मी दार बडवलं. आतून म्हणाले, "तू घरी जा. चिमणीला जवळ घेऊन झोप."

म्हटलं, जन्मभर मार मी खाल्ला आणि मला सोडून तुम्ही जाता? हा कुठला न्याय?

घरी चिमणी माझ्या कुशीत झोपते. मीसुद्धा झोपते, पडल्या पडल्या, गाढ. लग्न झाल्यापासून अशी झोप लागली नव्हती, आणि रोज सकाळी उठल्यावर मला स्वतःचा संताप येतो.