देव्हाऱ्यातली चिठ्ठी

म्हाळसानं डॉक्टरांची चिठ्ठी पुठ्ठ्यावर चिकटवून देव्हाऱ्यात, भंडाऱ्याच्या वाटीशेजारी ठेवली होती. का नाही ठेवणार? पंच्याण्णव साली लोणी देवकरच्या कारखान्यात बिरदेवच्या पाठीवर पोत्यांची थप्पी कोसळली, तेव्हा ह्याच चिठ्ठीतल्या गोळ्यांनी तो उठून बसला होता. बाई भोळी, नवऱ्याला उभं करणारा कागद तिच्या लेखी खंडोबाच्या जोडीचा.

तीन वर्षं ती चिठ्ठी कपाळाला लावून इंदापूरला जायची. दुकानदार मुकाट गोळ्या द्यायचा. आधी दिवसाला दोन पुरायच्या, मग सहा, मग दहा. गोळी चुकली की बिरदेव थरथरायचा, घामानं भिजायचा. नोकरी कधीच सुटली होती. मग म्हाळसा मेंढ्या विकू लागली. त्या मेंढ्या छकुलीच्या. पोरगी जन्मली तेव्हा तिच्या नावानं एक कोकरू राखलं होतं, त्याच्या अकरा मेंढ्या झाल्या होत्या. लग्नात त्या तिच्यासोबत सासरी जायच्या होत्या.

त्या दिवशी शेवटची मेंढी विकली आणि इंदापुरातलं दुकान नेमकं बंद. ती एसटीनं बारामतीला गेली. तिथल्या इब्राहिमभाई नावाच्या म्हाताऱ्या दुकानदारानं चिठ्ठी चष्म्याजवळ धरली.

“अक्का, हितं चक्क मराठीत लिवलंय. फक्त पाच दिवस घ्यायच्या. ह्या गोळ्यांची सवय लागती. मी न्हाय देणार. मालकास्नी सरकारी दवाखान्यात न्या.”

म्हाळसानं चिठ्ठी परत घेतली. आपल्याच हातानं आपण नवऱ्याला विष चारलं! परतीच्या एसटीत ती तोंडात पदर कोंबून रडली. अर्ध्या वाटेवर मात्र तिचं रडू थांबलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण बिरदेव सातवी शिकलेला. साऱ्या वस्तीची पत्रं तोच वाचून दाखवायचा.

तो दारातच बसला होता. “आणल्यास?”

“अवो, पाचच दिवस घ्यायच्या म्हणं. तसं लिवलंय. तुमाला ठावं हुतं?”

बिरदेवनं मान खाली घातली. “व्हय. पहिल्याच दिशी वाचलं हुतं.”

“आन् छकुलीच्या मेंढ्या?”

बिरदेव लहान पोरासारखा हमसून रडू लागला. रडता रडताच त्यानं हात पुढं केला.

“एकच दे, म्हाळसे.”