पोचलंच नाही

"मग त्या मुलाला घरून आईचं पत्र येतं," असं सांगून चंद्रशेखरने पान उलटलं आणि त्याची बायको पद्मजा दारातच थांबली.

लेकीची, विनीताची कथा न्यूयॉर्कच्या मोठ्या मासिकात छापून आली म्हणून बापाला आभाळ ठेंगणं झालं होतं. एडिसन गावातल्या घरी नागपूरहून आलेल्या आपल्या उत्तरामावशीला समोर बसवून तो इंग्रजीत वाचत होता आणि मराठीत सांगत होता. आधी स्वतः वाचून बघायचा धीर त्याला कुठला? पद्मजाने मात्र तो मावशीला घेऊन दुकानात गेला तेवढ्यात सगळी वाचून काढली होती.

विनीताला तिने हे एकदाच सांगितलं होतं, लेकीच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून. बहात्तर साली सासूबाईंनी मुलाला लिहिलं होतं, फार आजारी आहे, लगेच ये. त्याची डॉक्टरीच्या लायसन्सची परीक्षा आठ दिवसांवर होती. परीक्षा झाली की देऊ, म्हणून पद्मजाने पत्र तांदळाच्या डब्यात दडवलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी सासूबाई गेल्याची तार आली. पत्र तिने जाळून टाकलं आणि सतरा वर्षं नवऱ्यापुढे तोंड उघडलं नाही.

"आई, नावं चेंज केलीयत ना मी. इट्स फिक्शन," विनीता सकाळी म्हणाली होती. कार्टीने तार तशीच ठेवली होती, परीक्षा ठेवली होती, तांदळाचा डबासुद्धा सोडला नव्हता.

चंद्रशेखरचं बोट एका ओळीवर थांबलं. ती कुठली ओळ असणार हे पद्मजाला दारातूनही कळलं.

"मिळालं का रे पत्र त्याला?" मावशीने विचारलं. "ताईनंही धाडलं होतं तुला. मीच टाकलं होतं पोस्टात."

त्याने मान वर केली नाही. "नाही, मावशी. पोचलंच नाही."

"बाबा, दॅट्स नॉट व्हॉट आय रोट," शेजारी बसलेली विनीता हळूच म्हणाली.

"मावशीला मी सांगतोय ना."

उरलेली गोष्ट त्याने चार वाक्यांत गुंडाळली. मावशीने डोळे पुसले आणि पोस्टखात्याच्या नावाने बोटं मोडली. त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं पद्मजाला वाटलं.

"पाणी आणू?" तिने विचारलं.

तो नको म्हणाला आणि उठून स्वयंपाकघरात गेला. पेले कुठे असतात हे त्याला इतक्या वर्षांतही ठाऊक नव्हतं. तो एकेक कपाट उघडून बघत राहिला, पण त्याने तिला विचारलं नाही.